इंदूरला नवीन आलेल्यांसाठी: ताप, खोकला, जुलाब, ॲसिडिटीवर सुरक्षित औषध कसं निवडायचं

बदली होऊन किंवा लग्न होऊन इंदूरला आलं की भाड्याचं घर, गॅस, मुलांची शाळा ही कामं महिन्याभरात मार्गी लागतात. फॅमिली डॉक्टर मात्र गावाकडेच राहिलेला असतो. मग घरात कुणाला ताप आला, पोट बिघडलं की पावलं कोपऱ्यावरच्या मेडिकलकडे वळतात. काउंटरवरचा मुलगा चार गोळ्या कापून हातात ठेवतो आणि म्हणतो, "ये ले जाओ, सबको फायदा करती है."

सगळ्यांना चालेल अशी गोळी नसते. सुदामा नगरातलं आमचं घर घ्या. सासऱ्यांना बीपी आहे आणि स्टेंट बसवल्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. सासूबाईंना थायरॉईड आणि गुडघेदुखी. नणंद बाळंतपणासाठी आलेली होती, आणि घरात एक लहान मूल. एकाच आठवड्यात चौघांचं अंग दुखलं तर चौघांसाठी वेगळा विचार करावा लागतो. मी डॉक्टर नाही, पण घरची औषधं इतकी वर्षं मीच सांभाळते. आमच्या डॉक्टरांना आणि एका चांगल्या फार्मासिस्टला विचारून विचारून जे शिकले, ते नव्याने येणाऱ्यांना क्रमाने सांगते. हे पहिल्या एक-दोन दिवसांच्या किरकोळ दुखण्यापुरतं आहे. त्यापुढे डॉक्टरच.

१. आधी प्रत्येकाचा एक कागद तयार करा

आजारपण येण्याआधी, एखाद्या रविवारी हे काम करून टाका. घरातल्या प्रत्येकासाठी एक कागद, आणि त्याचा फोटो मोबाईलमध्ये. त्यात एवढं हवं:

- वय आणि वजन. मुलांचं वजन दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने लिहा, कारण त्यांचा डोस वजनावर ठरतो.
- रोजच्या गोळ्या. कंपनीचं नाव आणि आतल्या औषधाचं नाव, दोन्ही, मिलिग्रॅमसकट.
- जुने आजार: बीपी, मधुमेह, दमा, किडनी, लिव्हर, अल्सर, प्रोस्टेट, काचबिंदू.
- कोणत्या औषधाने त्रास झाला होता आणि नेमका काय झाला होता. पुरळ, सूज, धाप, जे असेल ते.
- शेवटच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा), तारखेसह.
- गरोदरपण किंवा अंगावरचं दूध.
- काढे, चूर्णं, ओळखीच्या वैद्यांच्या पुड्या. ही माहिती लोक डॉक्टरांपासून लपवतात. लपवू नका.

सोबत घरात एक डिजिटल थर्मामीटर, बीपीचं यंत्र, आणि मुलांसाठी मिलिलिटरच्या खुणा असलेली बिनसुईची सिरिंज ठेवा. स्वयंपाकघरातल्या चमच्याने औषध देऊ नका. आपल्याकडच्या दोन चमच्यांत मावणारं औषध सारखं नसतं, आणि बाळाच्या बाबतीत तेवढा फरक महागात पडतो.

२. पाकीट वाचायला शिका

मोठ्या रंगीत अक्षरांतलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. तुमच्या कामाचं नाव बारीक अक्षरांत असतं: पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, पॅन्टोप्राझोल. एकाच औषधाला पन्नास कंपन्यांची पन्नास नावं असतात. नव्या शहरात हाच मोठा घोटाळा होतो. गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची टेल्मिसार्टन इथे वेगळ्या नावाने मिळते, आणि घरातली म्हातारी माणसं जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेत राहतात. आत एकच औषध, डोस दुप्पट. म्हणून नवं पाकीट घरी आलं की आधी कागदाशी ताडून बघा.

आणखी चार गोष्टी बघायच्या:

- पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिकांबद्दलची ही मोहीम सरकारने २०१६ मध्ये सुरू केली.
- बॅच नंबर आणि मुदतीची तारीख. दुकानदार गोळ्या कापून देतो तेव्हा नेमका हाच भाग त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतो. तो भाग आपल्याला मागा, किंवा त्याचा फोटो काढा.
- ऑगस्ट २०२३ पासून देशात सर्वाधिक खपणाऱ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाईलने तो उघडला की औषधाचं नाव, बॅच, कंपनी, परवाना क्रमांक दिसतो. हे आणि पाकिटावर छापलेलं जुळलं पाहिजे.
- पक्कं बिल. त्यावर बॅच नंबर असतो. उद्या काही गडबड निघाली तर तोच पुरावा.

दुकानदाराशी बोलताना "बुखार की गोली दो" असं म्हणू नका. "पॅरासिटामॉल पाँच सौ, अकेली, कोई मिक्स नहीं" असं म्हणा. "अकेली" हा शब्द आवर्जून वापरा, कारण सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्या मिश्रणाच्या असतात आणि घात तिथेच होतो.

३. ताप

घरगुती पातळीवर तापाचं पहिलं आणि बहुतेक वेळा एकमेव औषध पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. निरोगी मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४,००० मिलिग्रॅम असली तरी तिच्या जवळपास जाण्याची गरज सहसा पडत नाही. ६५० च्या चार गोळ्यांचे २,६०० होतात, तेवढ्यात भागतं. रोज दारू पिणाऱ्यांसाठी, लिव्हरच्या रुग्णांसाठी आणि अंगाने अगदी बारीक असलेल्यांसाठी मर्यादा बरीच खाली येते, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता मिश्रणाचा हिशेब बघा. सर्दीच्या एका गोळीत बहुधा ५०० पॅरासिटामॉल असतंच. दिवसात ६५० च्या चार आणि सर्दीच्या तीन घेतल्या की २,६०० अधिक १,५०० म्हणजे ४,१०० झाले. त्यात कंबरदुखीसाठी कुणी ॲसेक्लोफेनॅकची गोळी दिली तर तिच्यातही अनेकदा ३२५ पॅरासिटामॉल असतं. घेणाऱ्याला वाटतं आपण तीन वेगवेगळी औषधं घेतोय. लिव्हरला मात्र एकच औषध तीन दारांनी येऊन मिळतं.

मुलांचा डोस वयावर नको, वजनावर काढा. किलोमागे १५ मिलिग्रॅम एका वेळी, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. बाटलीवरचा आकडा न बघता "पाच एमएल दे" असं फोनवर कधीही सांगू-ऐकू नका. १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम लागतं. पाच मिलिलिटरमध्ये १२५ असलेलं सिरप असेल तर साधारण ७ मिलिलिटर. पाच मिलिलिटरमध्ये २५० असलेलं असेल तर साडेतीन. आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब असतील, ज्यांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं, तर १.८ मिलिलिटर. तिन्ही बाटल्यांवर नाव एकच आणि चित्र जवळपास सारखं. थेंबांच्या बाटलीतून सिरपच्या मापाने सात मिलिलिटर दिलं तर ७०० मिलिग्रॅम पोटात जाईल, म्हणजे जवळपास चौपट. म्हणून आमच्या घरी बाटली आणली की मार्करने तिच्यावर मुलाचं नाव, वजन, तारीख आणि एका वेळचे मिलिलिटर मी लिहूनच ठेवते. रात्री तीन वाजता उठलेल्या कुणालाही गणित करावं लागत नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत इंदुरात डेंग्यूची भीती असते. या दिवसांत ताप आला की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक ॲसिड यांपैकी काहीही घेऊ नका. मेडिकलवाला म्हणेल, "पॅरासिटामॉल से नहीं उतर रहा तो ये कॉम्बिनेशन दो." डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असतात, आणि ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ताप पूर्ण उतरला नाही, १०१ वरच थांबला, तरी चालेल. माणूस पाणी पितोय, लघवी होतेय, बोलतोय हे बघा. डेंग्यूत ताप उतरायला लागतो तेव्हाच्या दोन दिवसांत जास्त सावध राहायचं असतं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय. बीपी-हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी ती आपल्या मनाने बंदही करू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

निमेसुलाइड नावाचं औषध ताप झटकन उतरवतं म्हणून अजून लोकांना आवडतं. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर २०११ पासून बंदी आहे. गावाकडून आणलेल्या जुन्या बाटल्या तपासा, त्यात हे नाव दिसलं तर मुलाला देऊ नका. तसंच लहान मुलांना आणि सोळा वर्षांखालच्यांना तापात ॲस्पिरिन द्यायची नाही. मेंदू-लिव्हरला इजा करणारा एक दुर्मीळ पण गंभीर आजार त्यातून होऊ शकतो.

तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर घरी औषध निवडत बसायचं नाही. लगेच निघायचं.

४. सर्दी-खोकला

मध्य प्रदेशात राहणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच राज्यातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाचं सर्दी-खोकल्याचं सिरप घेतलेली वीसहून अधिक मुलं किडन्या निकामी होऊन गेली. तपासणीत त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. हे विषारी औद्योगिक द्रव्य आहे. औषधासाठी शुद्ध प्रतीचं द्रावक न वापरता कारखान्यांसाठीचं स्वस्त द्रावक वापरलं की ते औषधात शिरतं. चव गोड, वास नाही, आई-वडिलांना कळायला काही मार्गच नाही.

यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पुन्हा कळवलं: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलइफ्रिन यांच्या मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांसाठी नाही" हा इशारा छापायला तर औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं होतं.

भेसळीचा विषय बाजूला ठेवला तरी लहान मुलांची साधी सर्दी सिरपने लवकर बरी होत नाही. ती आपल्या गतीने जाते. तोवर मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, भरपूर पातळ पदार्थ, आणि मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल तर झोपताना अर्धा ते एक चमचा मध. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणाच्या नावाखालीसुद्धा नाही. घरातल्या आजीला हे पटवणं अवघड जातं, तरी पटवा. मधात असणारे काही जंतू तान्ह्या बाळाच्या आतड्यात विष तयार करतात, आणि त्याने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

मूल भरभर श्वास घेतंय, श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय, दूध घेत नाहीये, तर ही सर्दी राहिलेली नाही. बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

मोठ्यांसाठी निवड अशी करायची. नाक वाहतंय, शिंका येताहेत: सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन रात्री एक, नाहीतर फेक्सोफेनाडिन, ज्याने झोप कमी येते. जुन्या पद्धतीचं क्लोरफेनिरामिन फार गुंगी आणतं. सकाळी ते घेऊन पलासिया चौकातून स्कूटर हाकायची नाही, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना तर त्याने लघवीच अडकू शकते. बीपी किंवा हृदयविकार असलेल्यांनी फिनाइलइफ्रिन किंवा स्यूडोइफेड्रिन असलेली गोळी टाळायची, कारण ही औषधं रक्तवाहिन्या आकसवतात आणि बीपी चढतं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपेक्षा जास्त नाहीत. पुढे थेंब सोडले की नाक आणखी चोंदतं आणि माणूस महिनोन्‌महिने त्या बाटलीशी बांधला जातो.

खोकल्याचं सिरप घ्यायचंच असेल तर एका कामाचं घ्या. कोरड्या खोकल्याला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ सुटत नसेल तर अँब्रोक्सॉल. एकाच बाटलीत खोकला दाबणारं आणि कफ सोडवणारं अशी दोन्ही औषधं भरलेली मिश्रणं मिळतात, ती मला कधीच पटलेली नाहीत. मधुमेह असेल तर बिनसाखरेचं मागा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट खूप घरांत निसटते. बीपीसाठी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्या गोळीनेच कोरडा, टोचणारा खोकला लागू शकतो. माझ्या शेजारच्या काकू सिरपच्या बाटल्यांवर बाटल्या संपवत होत्या. त्यांच्या कागदावर रामिप्रिल दिसलं, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, आणि काही आठवड्यांत खोकला गेला.

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला मात्र कुणाचाही असो, टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

५. उलट्या-जुलाब

इंदूरला स्वच्छतेचे पुरस्कार मिळाले म्हणून नळाच्या पाण्याबद्दल गाफील राहू नका. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून उलट्या-जुलाबांची मोठी साथ आली आणि माणसं दगावली. पाण्याला वास किंवा रंग आला की उकळून थंड केलेलंच प्यायचं.

जुलाबाचं खरं औषध ओआरएस. जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे, आणि ओआरएस नेमकं तेच भरून काढतं. पाकिटावर "डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" लिहिलेलं बघा. एका लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी घोळायची. अर्धी पुडी पेल्यात टाकून अंदाजाने पाणी घालू नका, प्रमाण बिघडलं की फायदा जातो. २४ तासांत संपलं नाही तर उरलेलं ओतून द्या.

दुकानात खोक्यातली तयार पेयं "ओआरएस" म्हणून मिळायची, त्यांत साखर कितीतरी जास्त असायची आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव वापरायला मनाई केली. तरी तुम्ही पेय मागू नका, पुडी मागा.

मुलांना ओआरएससोबत झिंक १४ दिवस द्यायचं: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

काय घ्यायचं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. काउंटरवर बहुतेक वेळा ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी पुढे येते. साध्या पाण्यासारख्या जुलाबाला तिची गरज नसते. विषाणूवर ती चालत नाही, उलट आतड्यातले चांगले जंतू मारते. जुलाब एकदम बंद करणारं लोपेरामाइड मुलांना अजिबात नाही, आणि शौचात रक्त किंवा अंगात ताप असेल तर मोठ्यांनाही नाही.

मधुमेह-बीपीच्या रुग्णांसाठी एक खास सूचना. जोरात जुलाब-उलट्या चालू असताना टेल्मिसार्टन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर त्रास होऊ शकतो. शरीर कोरडं पडलेलं असताना काही किडनीवर ताण आणतात, काहींमुळे रक्तातलं आम्ल वाढतं. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या कागदाला टाचून ठेवा.

६. ॲसिडिटी

सकाळी शेव घातलेले पोहे, जिलबी, रात्री अकराला सराफ्यात गराडू आणि भुट्ट्याचा कीस. इंदूरला येऊन वर्ष झालं की छातीत जळजळ होतेच होते. कधीमधी होत असेल तर अँटासिडचं जेल जेवणानंतर पुरे. पाण्यात फसफसणारी पावडर बीपी, हृदय आणि किडनीच्या रुग्णांसाठी नाही, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

पॅन्टोप्राझोल सकाळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, जेवल्यावर घेऊन उपयोग कमी. दोन आठवडे घेऊनही जळजळ परत येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. चहासारखी रोज सकाळची सवय लावून वर्षानुवर्षं घेतली तर शरीरातलं बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होतं, हाडांवरही परिणाम होऊ शकतो. काउंटरवरून बहुधा पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोन एकत्र असलेली गोळी मिळते. नुसत्या जळजळीला डोम्पेरिडोन लागत नाही, आणि साठीपुढच्यांच्या, हृदयरोग्यांच्या बाबतीत त्याने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो. इथेही "अकेली" मागा.

थायरॉईडची गोळी आणि अँटासिड, कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडचं औषध अंगात भिनतच नाही.

पन्नाशीपुढच्या माणसाला, विशेषतः मधुमेह असेल तर, "गॅस छातीत अडकलाय" असं वाटून घाम येत असेल, जबडा किंवा डावा हात दुखत असेल, तर जेल पाजत बसू नका. ईसीजी आधी, ॲसिडिटीचं नंतर. काळी शौच, गिळताना अडकणं, वजन घटणं, याही मेडिकलवर सोडवायच्या गोष्टी नाहीत.

७. गुडघे, कंबर, डोकं

पेनकिलर ही घरात सर्वांत सहज दिली जाणारी आणि म्हाताऱ्यांना सर्वांत जास्त त्रास देणारी गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक ही सगळी एकाच कुळातली. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, सोबत लघवीची गोळी, आणि त्यावर पेनकिलर, हे तिघे एकत्र आले की किडनी अचानक दगा देऊ शकते. आपल्याकडे टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध एकाच गोळीत येतं, त्यामुळे "मी तर एकच गोळी घेते" म्हणणाऱ्या आजीसुद्धा या गटात असतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना पेनकिलरने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ही औषधं टाळायची. नणंदेला तिच्या डॉक्टरांनी डोकेदुखीला फक्त पॅरासिटामॉल सांगितलं होतं.

मग सासूबाईंच्या गुडघ्याला काय? आधी डायक्लोफेनॅकचं जेल. वरून चोळलेलं औषध रक्तात फार थोडं जातं आणि गुडघ्यासारख्या कातडीजवळच्या सांध्याला चांगलं लागू पडतं. लागलं तर पॅरासिटामॉल. पोटातून पेनकिलर अगदी गरजेपुरती, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, जेवणानंतर.

गल्लीतल्या झोलाछाप, म्हणजे बोगस डॉक्टरच्या दवाखान्यात "एक सुई लगवा लो, दौड़ने लगोगे" असं सांगून इंजेक्शन देतात. आत काय भरलं ते कागदावर लिहून मागा. लिहून द्यायला तयार नसतील तर टोचून घेऊ नका. अनेकदा त्यात स्टेरॉइड असतं, आणि मधुमेह्याची साखर त्याने एकदम वर जाते.

८. खाज, नायटा, डोळे

नायट्यावर मेडिकलवाला जी ट्यूब देतो तिच्यात बहुधा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरत जाते आणि कातडी पातळ होते. नुसतं क्लोट्रिमाझोल घ्या आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे लावा. डोळे आले तरी घरातले जुने थेंब टाकू नका. बाटली उघडून महिना झाला की ती फेकायची, आणि स्टेरॉइड असलेले थेंब डॉक्टरांशिवाय कधीच नाहीत.

९. घ्यायचं कुठून

जवळचं एकच दुकान धरा, जिथे फार्मासिस्ट स्वतः बसतो. तुमचा कागद त्याला एकदा दाखवून ठेवा. बीपी-मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्र चांगलं. तिथे औषध आतल्या नावाने मागायचं, किंमत बहुधा बाजारच्या निम्म्याहून कमी. "स्वस्त म्हणजे हलकं" असं मानू नका, प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासूनच तिथे येते. दवा बाजार घाऊक खरेदीसाठी प्रसिद्ध आहे, पण घरगुती चार पाकिटांसाठी तिथे जाऊन बिल न घेता स्वस्तात काही उचलणं धोक्याचं.

अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागूच नका. सेफिक्झिमसारखी काही औषधं एच-१ यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची नोंद रुग्ण आणि डॉक्टरांच्या नावासकट वहीत ठेवणं दुकानदाराला २०१४ पासून बंधनकारक आहे. बिनचिठ्ठीचं देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही.

डॉक्टरांची फी परवडत नसेल तर वस्तीतलं सरकारी संजीवनी क्लिनिक शोधा, किंवा एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. जाताना आधार, मोबाईल, जुन्या चिठ्ठ्या आणि तो कागद सोबत. सकाळी लवकर गेलात तर नंबर लवकर लागतो.

१०. औषधाने त्रास झाला तर

अंगावर पुरळ उठलं, तोंड-ओठ सुजले, चक्कर आली, लघवी कमी झाली तर औषध थांबवा आणि डॉक्टरांना पाकिटासकट भेटा. श्वास अडकत असेल, माणूस शुद्धीत नसेल, झटके येत असतील तर १०८ वर फोन करा. मुलाने चुकून बाटली पिऊन टाकली तर उलटी काढायचा प्रयत्न करू नका, बाटली घेऊन रुग्णालय गाठा. पॅरासिटामॉल जास्त गेलं असेल तर मूल खेळताना दिसत असलं तरी त्याच दिवशी न्या. लिव्हरची इजा एक-दोन दिवसांनी दिसते, आणि उतारा वेळेत दिला तरच पूर्ण उपयोगी पडतो.

दुष्परिणामाची नोंद सामान्य माणूसही करू शकतो. राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. फोन करण्याआधी पाकीट, बॅच नंबर, बिल आणि औषध किती वाजता, किती घेतलं हे समोर ठेवा. उरलेलं औषध फेकू नका, चौकशी झाली तर तेच तपासायला लागतं.